भायखळा : मोतीशांचे देरासर, प्रेमचंदांचा बंगला आणि राणीची बाग

जे.जे. उड्डाणपूल २००२ साली वाहतुकीस खुला झाला, तेव्हापासून दक्षिण मुंबईकडे निघालेला माणूस भायखळ्याहून पायधुणीपर्यंतचे शहर वरून ओलांडू लागला. अडीच किलोमीटरचे अंतर काही मिनिटांत संपते, ही सोय मोठीच आहे. परंतु पुलाखाली काय राहिले याची चौकशी करण्याचे कारणही त्याबरोबर संपले. पुलाच्या उत्तर टोकाशी मोटार थांबवून जो खाली उतरेल, त्याला अर्ध्या तासाच्या पायी फेरीत एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा सारा जमाखर्च पाहता येईल. पैसा कोठून आला, कोणाच्या हातात थांबला आणि शेवटी कशावर खर्च झाला, हे सांगणाऱ्या वास्तू इतक्या जवळजवळ उभ्या आहेत, असा दुसरा भाग मुंबईत शोधून सापडणे कठीण.

‘भायखळा’ या नावातील ‘खळा’ म्हणजे आपले खळेच, धान्य मळण्याची जागा. ‘भाया’ हे जमिनीच्या मालकाचे नाव असावे किंवा भोवती वाढलेल्या बहाव्याच्या झाडांवरून ते पडले असावे, अशा दोन व्युत्पत्ती जुन्या गॅझेटियरमध्ये दिल्या आहेत. बहावा ही अधिक सुंदर व्युत्पत्ती असल्यामुळे ती अधिक लोकप्रिय आहे. मुळात हा सखल मुलूख. महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि बेटाचा मध्यभाग दलदल होऊन जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड हा बांध पडला, समुद्र बाहेर राहिला आणि भायखळ्याची सपाट जमीन वापरात आली. तिच्यावर प्रथम साहेब लोकांचे बंगले उठले, घोड्यांच्या शर्यतींचे मैदान झाले आणि १८३३ साली भायखळा क्लब निघाला. शर्यती पुढे १८८३च्या सुमारास महालक्ष्मीला गेल्या. क्लबही उरला नाही. साहेबांच्या त्या भायखळ्याविषयी याहून अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. इंग्रजी ग्रंथांतून ते पुष्कळ झाले आहे.

खरा इतिहास सुरू होतो तो देशी व्यापाऱ्यांच्या आगमनापासून. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटाच्या आत मोठी आग लागली. दाटीवाटीने वसलेली देशी वस्ती जळाली आणि व्यापारी कुटुंबे कोटाबाहेर पडू लागली. पायधुणी, भुलेश्वर, काळबादेवी हे भाग त्यानंतर भरभराटीस आले. गोडीजी पार्श्वनाथांचे देरासर कोटातून पायधुणीला आले तेही याच ओघात. जे अधिक श्रीमंत होते त्यांनी आणखी उत्तरेकडे, मोकळ्या हवेत, भायखळा-माझगाव भागात वाड्या घेतल्या. त्यांतील एक शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ.

मोतीशांचे घराणे मूळ खंभातचे. जन्म १७८२चा. मुंबईत त्यांनी जहाजांचा आणि परदेशी मालाचा मोठा व्यवहार उभा केला. सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांचे व्यापारातील निकटचे सहकारी. भायखळ्याच्या आपल्या वाडीत मोतीशांनी आदीश्वर भगवानांचे देरासर बांधले. प्रतिष्ठेचे संवत् १८८५ म्हणजे इसवी सन १८२८-२९. ही नुसती एका मंदिराची रचना नव्हे. मूलनायक ऋषभदेव, समोर पुंडरीक स्वामी, आवारात रायण वृक्ष आणि सूरजकुंड अशी मांडणी करून मुंबईकर श्रावकासाठी त्यांनी शत्रुंजयाचीच प्रतिकृती उभारली. रेल्वे नव्हती, पालीताण्याची यात्रा म्हणजे कित्येक दिवसांचा जलप्रवास आणि त्यापुढे बैलगाडी. ज्याला ते साधणार नाही त्याने निदान भायखळ्यापर्यंत यावे, हा त्यामागचा भाव.

तो भाव दोनशे वर्षांनंतरही टिकून आहे. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. त्या दिवशी पहाटेपासून मोतीशा गल्लीत रांगा लागतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, भाईंदर येथून लोक येतात. अनेक जण अनवाणी चालत येतात. यातील बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांची खोली याच पट्ट्यात कोठेतरी होती, हे विसरता येत नाही.

मोतीशांचे दुसरे स्मारक भायखळ्यात नाही, पण ते समजल्याशिवाय या माणसाचे माप कळत नाही. १८३२च्या जून महिन्यात पोलिसांनी शहरातील मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली. प्रथम पारशी समाज रस्त्यावर आला, त्यांना जैन आणि हिंदू व्यापारी येऊन मिळाले, दुकाने बंद झाली, दंगल झाली. ‘कुत्र्यांची दंगल’ या नावाने ती इतिहासात नोंदली गेली. दंगलीतील आरोपींना शिक्षा झाल्या आणि कोणत्याही दंगलीप्रमाणे प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु जमशेटजी आणि मोतीशा यांनी दोन वर्षांनी, १८३४ साली, भुलेश्वराजवळ पांजरापोळ स्थापन केली. मारू नका एवढेच म्हणून न थांबता सांभाळण्याचा खर्च कोण करणार या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले. तेही व्यापाऱ्याच्या पद्धतीने. बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर महाजनांनी स्वेच्छेने लाग बसवली आणि तिचे उत्पन्न पांजरापोळीस लावून दिले. एकदाच देणगी देऊन नाव कोरून घेणे सोपे असते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या खर्चाला वर्षानुवर्षे चालणारे उत्पन्न जोडून देणे ही दृष्टी निराळी. गाव तिथे गोशाळा काढण्याचा उत्साह आज पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्यातील किती संस्थांच्या ताळेबंदात तिसऱ्या वर्षाच्या चाऱ्याची तरतूद असते, हे त्यांच्या विश्वस्तांनी आपापल्या मनाशी पाहावे.

ज्या मालावर ही लाग बसली, त्यात कापूस होता तशी अफूही होती. येथे जैन वाचकाने थोडे थांबले पाहिजे.

मोतीशा, जमशेटजी आणि त्यांच्या काळातील मुंबईचे बहुतेक मोठे व्यापारी चीनशी व्यापार करीत. त्या व्यापाराचे दोन खांब होते, कापूस आणि माळव्याची अफू. माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून निघे, कंपनी सरकार तिच्यावर परवान्याची फी घेई, आणि ती कँटनला जाई. मुंबईत हा व्यवहार पूर्णपणे कायदेशीर होता. चीनमध्ये तो बंदीचा होता आणि तेथील लक्षावधी कुटुंबांचा त्याने नाश केला. मोतीशा १८३६ मध्ये निवर्तले, पहिले अफूचे युद्ध १८३९ साली सुरू झाले. त्यामुळे पुढचे सारे त्यांनी पाहिले नाही. परंतु माल काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’ स्पष्टपणे सांगितले आहे. अफू विषात मोडते की औषधात, असा युक्तिवाद तेव्हाही झाला असेल. कुत्र्याच्या जिवासाठी बाजार बंद करणारे महाजन समुद्रापलीकडच्या माणसाच्या जिवाचा हिशेब कोणत्या खात्यात लिहीत होते? समाजाच्या स्मरणिकांतून मोतीशांविषयी जे लिहिले जाते त्यात ‘चीनशी व्यापार’ एवढेच शब्द असतात, मालाचे नाव नसते. ही सोयीची मोघम भाषा टाकून द्यावी. मोतीशांची भक्ती खोटी होती असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. शत्रुंजयावरील कुंतासरची खोल दरी भरून काढून त्यावर टूंक उभारण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्याची प्रतिष्ठा त्यांच्या मृत्यूनंतर, १८३७ साली, पुत्र खीमचंद यांनी केली. मुंबईच्या उत्तरेस आगाशीला मुनिसुव्रत स्वामींचे देरासरही त्यांचेच. एवढे दिलेल्या माणसाचे चरित्र अफूचे नाव घेतल्याने लहान होत नाही. नाव न घेतल्याने मात्र वाचकाच्या पिढ्या अर्ध्या माहितीवर वाढतात. भायखळ्यातील इतरांनीही हेच केले, हा बचाव पुरेसा नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे खरी. जमशेटजींनी एक लाख रुपये दिले, कंपनीने तेवढीच भर घातली आणि १८४३ मध्ये पायाभरणी होऊन जे.जे. रुग्णालय उभे राहिले. शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांचा भायखळ्याचा ‘सां सूसी’ बंगला आज मसीना रुग्णालय आहे. त्यांनी बांधलेले मागेन डेव्हिड हे यहुदी प्रार्थनामंदिर आणि राणीच्या बागेच्या दारातील घड्याळाचा मनोरा अजून उभे आहेत. या सर्वांच्या जमेच्या बाजूला तोच माल होता. आणि त्याच जे.जे. रुग्णालयात आज दररोज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेला गरीब रोगी औषध घेऊन जातो.

मोतीशा देरासराच्या परिसरातच पुढच्या पिढीतील आणखी एका जैन व्यापाऱ्याचा वास होता. प्रेमचंद रायचंद, सुरतचे, जन्म १८३१. त्यांचा ‘प्रेमोद्यान’ बंगला भायखळ्यात होता. इंग्रजी शिकलेला पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षांत इतका पैसा शहरात शिरला की तो ठेवण्यास जागा पुरेना. मग बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला. त्या कंपनीने समुद्रातून काढावयाची जमीन तेव्हा बहुतांशी समुद्रातच होती.

या प्रकरणातील खरा धडा बँकिंगचा आहे आणि तो प्रेमचंदांच्या चरित्रात सहसा नीट सांगितला जात नाही. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भागभांडवल असलेली, अत्यंत सावध बँक होती. तिच्या सनदेत शेअरच्या तारणावर कर्ज देण्यास मनाई होती. १८६३च्या नव्या कायद्याने ते बंधन गेले. प्रेमचंदांचा बँकेच्या संचालकांवर व चिटणिसांवर प्रभाव होता. त्यांची शिफारस म्हणजे मंजुरी असे होऊन बसले. नव्या कंपन्यांच्या शेअरवर आणि कधी केवळ नावावर कर्जे गेली. त्या कर्जातून आणखी शेअर घेतले गेले, त्यामुळे शेअरचा भाव वाढला, आणि वाढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळाले. तारणाची किंमत कर्जामुळेच वाढत असेल तर ते तारण राहत नाही, हे बँकेच्या कोणत्याही कर्ज विभागातील नवख्या अधिकाऱ्यास पहिल्या महिन्यात शिकवतात. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईत देणेकरी पुष्कळ होते आणि देणारा कोणीच नव्हता. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच नावाची दुसरी बँक त्याच वर्षी निघाली; ती पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत परिणत झाली.

या पडझडीचा परिणाम भायखळ्यातच डोळ्यांनी पाहता येतो. राणीच्या बागेजवळच्या संग्रहालयाची पायाभरणी १८६२ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झाली होती. जगन्नाथ शंकरशेठ आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी लोकवर्गणीची मोहीम चालवली होती. शहरातील सर्व धर्मांच्या श्रीमंतांनी आकडे घातले होते. १८६५ नंतर आकडे कागदावर राहिले. काम रखडले, अखेर सरकारी पैशाने पूर्ण झाले आणि संग्रहालय २ मे १८७२ रोजी खुले झाले. नाना शंकरशेठ तोपर्यंत राहिले नव्हते. भाऊ दाजींनी ते पाहिले आणि दोन वर्षांनी तेही गेले. आधी राणी आणि तिच्या पतीच्या नावाने असलेल्या या संस्थेला १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव मिळाले. २००३ ते २००८ या काळात तिचा जो जीर्णोद्धार झाला, त्याला २००५ मध्येच युनेस्कोचा उत्कृष्टतेचा पुरस्कार लाभला. जैन समाजात जीर्णोद्धाराला नव्या मंदिराहून अधिक पुण्य मानतात. मात्र व्यवहारात जुने पाडून संगमरवरी नवे करण्यालाच अनेकदा जीर्णोद्धार म्हटले जाते. जुना रंग खरवडून मूळचा रंग शोधणे, तुटलेली जाळी तशीच घडवून बसवणे म्हणजे काय, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी या इमारतीचे छत आणि जिना पाहावा.

संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला इंग्रजीत एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडले, तो हाच. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीचे काम फसले, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे या बागेत आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये ते जोडण्यात आले. मूर्ती फुटली म्हणून देशात राहिली, असा हा विलक्षण योग. याच आवारात खुद्द व्हिक्टोरिया राणीचा पुतळाही येऊन पडला आहे आणि बागेत १९६५ मध्ये फोर्टातून हलवलेला काळा घोडा आहे. ज्या चौकाला घोड्यामुळे नाव पडले त्या चौकातून घोडा गेला; नाव मात्र तेथेच राहिले.

राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ही सुमारे ५० एकरांची जागा प्राणिसंग्रहालय म्हणून प्रसिद्ध आहे. मुले पेंग्विन पाहण्यासाठी येतात. वास्तविक ती मुळात वनस्पतींची बाग आहे. शतकाहून जुने वृक्ष येथे आहेत, देशोदेशीचे आहेत. २००७च्या सुमारास मोठ्या प्राणिसंग्रहालयाची योजना आली तेव्हा वृक्षप्रेमी नागरिकांनी, त्यातही काही गृहिणींनी, झाडांची यादी करून लढा दिला. पिंजऱ्यातील प्राणी पाहणे हा करमणुकीचा विषय व्हावा का, हा प्रश्न ज्याने त्याने ठरवावा. झाडांसाठी तिकीट काढून आत जाण्यास मात्र कोणतीच हरकत दिसत नाही.

प्रेमचंदांचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. १८६४ मध्ये, भरतीच्या वर्षी, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच अट. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. आईची दृष्टी अधू होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्यासाठी तिला वेळ कळावी म्हणून पुत्राने घड्याळ उभारले, अशी आख्यायिका घरोघर सांगितली जाते. मनोरा फोर्टात आणि घर भायखळ्यात. तेवढ्या लांबून टोले ऐकू येत असत की नाही, हे भाविकाने विचारू नये. दिवाळखोरीनंतर प्रेमचंद पुन्हा दलालीस लागले, देणी फेडीत राहिले आणि १९०६ पर्यंत जगले. पूर्वीचे वैभव परत आले नाही. ‘प्रेमोद्यान’ पुढे ख्रिस्ती जोगिणींच्या संस्थेकडे गेले आणि तेथे मुलींची शाळा व अनाथाश्रम चालू लागला.

भायखळ्याचे रेल्वे स्थानक पाहिल्यावाचून ही फेरी पुरी होत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी भायखळ्यावरून गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १८५२ मध्ये, मुंबईतले पहिले वाफेचे इंजिन भायखळ्यातच फिरू लागले होते आणि ते पाहण्यास शहर लोटले होते. गव्हर्नर फॉकलंड यांचे नाव त्या इंजिनाला दिले होते. स्थानकाची दगडी इमारत १८५७च्या सुमाराची. तिच्यावर रंगाचे, पत्र्यांचे, तारांचे थर चढत गेले. ते उतरवून ती मूळ स्वरूपात आणल्याबद्दल २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. रोज तेथून जाणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी मान वर करून लाकडी छत पाहणारे थोडे. गाडी पकडावयाची असते, त्यांचा तरी काय दोष!

स्थानकाच्या आसपास गिरण्या होत्या. खटाव मिल त्यांतली मोठी. १९८२च्या संपानंतर एकेक भोंगा बंद पडला. गिरणीत कोकणातला आणि घाटावरचा कामगार होता, त्याच्या पलीकडे कापडाचा गुजराती व मारवाडी व्यापारी होता, शेजारी मुसलमान, यहुदी, पारशी, ख्रिस्ती वस्ती होती. दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात उभा असलेला ‘खडा पारशी’ हा कर्सेटजी माणेकजी श्रॉफ यांचा पुतळा या मिश्र वस्तीचा पहारेकरीच. तो कोलब्रुकडेलच्या ओतशाळेत ओतून आणलेला आहे. पुलांच्या धुळीत तो कित्येक वर्षे काळवंडून होता. २०१४ मध्ये त्याची दुरुस्ती झाली.

आता गिरणीच्या जागी मनोरे उठत आहेत. पागडीच्या जुन्या इमारतींचे पुनर्विकास करार होत आहेत. १६०-१८० चौरस फुटांच्या खोलीतून निघालेले कुटुंब नव्या मोठ्या घरात जाते ही आनंदाचीच गोष्ट. परंतु अनेक कुटुंबे खोली विकून उपनगरात गेली आणि देरासर येथेच राहिले. रोज सकाळी पूजेला येणारे वृद्ध कमी झाले. पूजेचे कपडे बदलून पायी घरी जाणारा श्रावक आणि मोटारीतून वर्षातून एकदा येणारा भाविक यांतील फरक विश्वस्तांना चांगला कळतो. देरासराभोवती पाठशाळा, भोजनशाळा, उपाश्रय यांचे जे जाळे असते, ते राहत्या वस्तीवर उभे असते. नव्या मनोऱ्यात जैन कुटुंबे येतीलही. पुनर्विकासाच्या करारावर सही करताना कायमचा पत्ता कोणता, एवढे क्षेत्र किती आणि तात्पुरते भाडे किती हे लोक बारकाईने पाहतात. त्याच बैठकीत देरासरापर्यंतची पायवाट नकाशात कायम राहते की नाही हेही कोणीतरी पाहिले पाहिजे. मोतीशा गल्ली अरुंद आहे. दोन्ही अंगांच्या जुन्या इमारतींचे नकाशे मंजूर होत असताना गल्लीकडे लक्ष ठेवणारा एखादा निवृत्त अभियंता समाजात नक्की असेल.

कार्तिकी पौर्णिमेला जे येतील त्यांनी पहाटेचे दर्शन झाल्यावर लगेच टॅक्सी धरू नये. मोतीशा गल्लीतून बाहेर पडून स्थानकाची दगडी इमारत पाहावी, पूल ओलांडावा आणि राणीच्या बागेच्या दारातील ससूनांच्या मनोऱ्याखालून संग्रहालयापाशी जावे. पाय अनवाणी असले तरी अंतर झेपण्यासारखे आहे. दगडी हत्तीजवळ बसण्यास सावली आहे. बाग आणि संग्रहालय एरवी बुधवारी बंद असतात; पौर्णिमा बुधवारी आली तर आधी चौकशी करून घ्यावी.